'ज्याला' म्हणजे 'हूम' नव्हे: ओईटीसाठी इंग्रजी संबंधी सर्वनामं शिकताना

मार्च २०२३ मध्ये ओईटीचा, म्हणजे परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजीच्या परीक्षेचा, निकाल आला तेव्हा मी मिरजेत, सकाळची ड्युटी संपवून रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसले होते. लिसनिंग ३७०, रीडिंग ३५०, स्पीकिंग ३८०. या तिन्हींत ३५० किंवा त्याच्या वर म्हणजे बी ग्रेड, तो मिळाला होता. खाली रायटिंग: २७०. सी. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला बाकी तिन्हींत बी लागतो आणि रायटिंगमध्ये सी प्लस चालतो, पण सी प्लस ३०० पासून सुरू होतो. तीस गुण कमी. फी तेव्हा ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर होती, आपले साधारण ३२,००० रुपये. पोटात गोळा आला. घरी फोन करायलाही हात उचलेना.

ही परीक्षा देणाऱ्या मराठी माध्यमातल्या कितीतरी सिस्टर माझ्या ओळखीच्या आहेत आणि बहुतेकींची गाडी रायटिंगलाच अडते. माझी कुठे अडली होती आणि पुढचे पाच महिने मी काय केलं, ते सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी थोडं मागचं. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी पाचवीत होते, म्हणजे आमच्या तुकडीची एबीसीडी पाचवीतच सुरू झाली. पुढे जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग बारा वर्षं वॉर्ड. औषधांची नावं, रिपोर्ट, डॉक्टरांच्या ऑर्डरी, सगळं इंग्रजीत वाचते. पण सलग चार वाक्यांचं पत्र इंग्रजीत लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. ओईटीच्या रायटिंगमध्ये नेमकं तेच लागतं. पेशंटच्या तुटक नोंदी देतात, पाच मिनिटं नुसत्या वाचायच्या, पेन्सिल उचलायची नाही. मग चाळीस मिनिटांत त्यावरून रेफरलचं किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायचं, साधारण १८० ते २०० शब्दांत. नोंदी अशा असतात: 'वय ७२. विधवा. मुलगी शेजारी राहते. ४ मे ला पडल्या. मधुमेह.' या पाच तुकड्यांची पाच वाक्यं केली तर पत्र चौथीच्या निबंधासारखं दिसतं आणि शब्दही पुरत नाहीत. तुकडे एकमेकांत गुंफावे लागतात, आणि गुंफायचा दोरा म्हणजे हू, व्हिच, हूज, हूम, दॅट. शाळेत आपण ज्यांना संबंधी सर्वनाम म्हणतो ती.

डिसेंबर ते फेब्रुवारी मी एका क्लासला गेले होते. ९,००० रुपये भरले. तिथे एक तक्ता दिला होता: माणसासाठी हू, वस्तूसाठी व्हिच, दोन्हींसाठी दॅट, मालकीसाठी हूज, कर्मासाठी हूम. मी तो तोंडपाठ केला. तक्त्यात चूक काहीच नव्हती. पण मी आधी डोक्यात मराठीत वाक्य जुळवते आणि मग इंग्रजीत उतरवते, आणि या उतरवण्यात काय सांडतं ते तो तक्ता सांगत नव्हता. निकालाच्या कागदावर तर नुसते गुण असतात, कुठे चुकलं ते नसतं. पुन्हा तपासणीला देता येतं, त्याची फी वेगळी. मी ती भरली नाही, कारण पत्र जमलं नव्हतं हे माझं मलाच माहीत होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी त्यांच्या ओळखीच्या एका बाईंकडे नेलं. बाई निवृत्त शिक्षिका, इंग्रजी आणि मराठी दोन्ही शिकवायच्या. पैसे घेणार नाही म्हणाल्या, फक्त 'ज्या दिवशी येणार नाहीस त्या दिवशी आधी कळव' एवढी एकच अट. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, तरी आठवड्यातून तीन दिवस जमवले. सकाळची ड्युटी असली की संध्याकाळी साडेपाचला, नाइट असली की सकाळी झोपायच्या आधी नऊला. माझा सल्ला आहे की नाइटनंतर व्याकरण करू नका. मी तीन वेळा केलं आणि त्या तिन्ही दिवसांची पानं नंतर पुन्हा लिहावी लागली.

पहिल्या दिवशी बाईंनी मला इंग्रजी लिहायलाच दिलं नाही. म्हणाल्या, "काल वॉर्डात काय झालं ते मराठीत सांग, आणि दर वाक्यात 'जो' पाहिजे." मी म्हटलं, "जो पेशंट काल रात्री आला तो आज बरा आहे." त्यांनी ते लिहून घेतलं आणि 'जो' आणि 'तो' या दोन्हींभोवती गोल केला. "आता हे इंग्रजीत लिही." मी लिहिलं: 'द पेशंट हू केम लास्ट नाइट ही इज बेटर टुडे.' त्या 'ही' वर बोट ठेवून म्हणाल्या, "हा तुझा 'तो'. मराठीत जो आला की तो यावाच लागतो, जोडीनं फिरतात. इंग्रजीत हू एकटा येतो." माझ्या जुन्या सरावाच्या पत्रांमध्ये हा जास्तीचा 'ही', 'शी' किंवा 'इट' अकरा ठिकाणी सापडला. 'द टॅब्लेट व्हिच आय गेव्ह इट टू हर' सुद्धा त्यातलंच. क्लासमध्ये कुणीतरी लाल पेनानं तो नुसता खोडला होता. तो येतो कुठून, हे मला बाईंपाशी कळलं.

दुसरी गोष्ट जागेची. मराठीत आपण आधी 'जो काल आला' सांगून टाकतो आणि मग पेशंटकडे वळतो. इंग्रजीत आधी पेशंट, आणि हू त्याला अगदी चिकटून. मध्ये दुसरं नाम घुसलं की अर्थ त्यालाच जाऊन चिकटतो. 'शी लिव्हज विथ हर डॉटर हू हॅज डायबेटीस' असं मी लिहिलं होतं. मधुमेह आईला होता, माझ्या पत्रात तो मुलीला झाला. पत्र वाचणारा डॉक्टर मुलीची साखर तपासेल, असं बाई म्हणाल्या तेव्हा हसू नाही आलं, अंगावर काटा आला. वॉर्डात एका शब्दाच्या गफलतीनं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

एप्रिलच्या शेवटी शेवटी सगळ्यात मोठी गाठ सुटली.

बाईंनी दोन वाक्यं दिली. 'ज्याला ताप आहे तो पेशंट' आणि 'ज्याला आपण काल डिस्चार्ज दिला तो पेशंट'. मी दोन्हीकडे हूम घातलं. तक्त्यात होतंच की, कर्मासाठी हूम, आणि 'ला' दिसला की कर्म, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. बाई म्हणाल्या, "पहिल्यात ताप कोणाला आहे?" पेशंटला. "इंग्रजीत 'आहे' कसं म्हणशील?" हॅज फीवर. "मग हॅज चा कर्ता कोण?" पेशंटच. मराठीत ताप पेशंटला असतो, इंग्रजीत पेशंटच ताप 'बाळगतो'. म्हणून 'द पेशंट हू हॅज फीवर'. दुसऱ्या वाक्यात डिस्चार्ज देणारे आपण, म्हणजे 'वी' आधीच कर्त्याच्या जागी बसलाय. म्हणून 'द पेशंट हूम वी डिस्चार्ज्ड'.

मराठीत दोन्ही ठिकाणी ज्याला. इंग्रजीत एकीकडे हू, दुसरीकडे हूम. मी बारा वर्षं दिवसभर 'ज्याला दम लागतो', 'ज्याला चालता येत नाही', 'ज्याला ॲलर्जी आहे' असंच बोलत आले. ही सगळी इंग्रजीत हू ची वाक्यं आहेत! पेशंटबद्दलची आपली निम्मी बोली 'ला' वर चालते, त्यामुळे नर्सला हा घोळ सगळ्यात जास्त होणार. 'ज्याच्या', 'ज्यांचं' हेही तसेच फसवतात. 'ज्यांचं वय ७२ आहे' वरून मी 'हूज एज इज ७२' लिहायचे. साधं 'हू इज ७२' पुरतं. 'ज्याच्या अंगावर पुरळ उठलंय' हे 'हू हॅज अ रॅश' होतं. हूज लागतो तो खरोखर त्याचा पाय, त्याची मुलगी, त्याचं वजन असं काही पुढे ठेवून त्याबद्दल सांगायचं असेल तेव्हा: 'हूज डॉटर लिव्हज नेक्स्ट डोअर'.

म्हणून बाईंनी मराठी विभक्तीकडे बघायचंच बंद करायला लावलं. त्यांची चाचणी अशी: संबंधी सर्वनामावर बोट ठेवून ते झाका. पुढे उरलेला तुकडा वाचा. क्रियापदाच्या आधी कर्ता बसलेला दिसतोय का? 'हॅज फीवर' मध्ये नाही, म्हणजे झाकलेला शब्दच कर्ता, हू. 'वी डिस्चार्ज्ड' मध्ये वी दिसतोय, म्हणजे हूम. याच चाचणीचा आणखी एक फायदा पुढे कळला. कर्ता आधीच बसलेला असेल तर सर्वनाम बऱ्याचदा गाळलं तरी चालतं: 'द टॅब्लेट्स शी टेक्स'. नसेल तर गाळता येत नाही. शब्द मोजून लिहायच्या पत्रात ही सवलत फार उपयोगी पडते. बोलताना इंग्रज लोक हूम फारसं वापरत नाहीत, तिथेही हू च म्हणतात, पण औपचारिक पत्रात हूम बरोबर लावलं तर शोभतं. विथ, टू, फॉर असे शब्द आधी आले की मात्र हूम च हवं: 'हर डॉटर, विथ हूम शी लिव्हज'. तिथे हू किंवा दॅट येत नाही.

मेमध्ये माझी जवळजवळ महिनाभर नाइट होती. त्या महिन्यात फार काही झालं नाही. एक वही केली, साठ रुपयांची दोनशे पानी. डावीकडे वॉर्डात ऐकलेलं मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी. पेशंटचं नाव कधी लिहिलं नाही, तुम्हीही लिहू नका. पहाटे चारच्या सुमाराला वॉर्ड शांत झाला की पाच वाक्यं. त्यातूनच एक लक्षात आलं की आपण बोलताना 'जो-तो' फार कमी वापरतो. 'काल दाखल झालेल्या आजी', 'डॉक्टरांनी बंद केलेली गोळी', असं 'लेला-लेली' नं भागवतो. त्यामुळे मराठीत जो दिसतच नाही आणि इंग्रजीत हू सुचत नाही. वहीत मी अशा प्रत्येक 'लेल्या' खाली रेघ मारायला लागले. रेघ दिसली की तिथे हू किंवा व्हिच बसेल का, ते बघायचं.

लेबर रूममध्ये ड्युटी लागली तेव्हा एक छोटीशी गोष्ट. 'पहाटे जन्मलेलं बाळ' चं मी 'द बेबी व्हिच वॉज बॉर्न' केलं. बाळ मराठीत नपुंसकलिंगी, 'जे बाळ', म्हणून हात आपोआप व्हिच कडे गेला. मराठीचा जो-जी-जे लिंग बघतो, माणूस की वस्तू हे बघत नाही. जो दगड, जो मुलगा, दोघांना एकच जो. इंग्रजीचं उलट: बाई असो, पुरुष असो, एक असो, दहा असोत, हू बदलत नाही, पण माणूस आणि वस्तू मात्र वेगळे करतो. तुम्ही सांभाळत असलेल्या बाळाबद्दल त्याच्या आईच्या डॉक्टरला लिहिताना हू च लिहा.

जूनच्या पहिल्या शनिवारी स्वल्पविरामाचा दिवस आला. तो मला तारखेसकट आठवतो, ३ जून. सरावाच्या पत्रातल्या काल्पनिक मिसेस ब्राउन चार प्रकारच्या गोळ्या घेत होत्या, त्यातल्या एकीनं चक्कर येत होती. मी लिहिलं: 'द टॅब्लेट्स, व्हिच कॉज डिझिनेस, शुड बी स्टॉप्ड.' बाईंनी चष्मा काढला, पत्र हातात घेतलं आणि म्हणाल्या, "मी आता तिकडची डॉक्टर आहे. तुझं पत्र मला आलं. मी सगळ्या गोळ्या बंद केल्या."

"सगळ्या कशाला बाई? चक्कर येते तेवढीच."

"तू तसं लिहिलं नाहीस. दोन स्वल्पविरामांच्या मधला मजकूर म्हणजे जाता जाता दिलेली माहिती. तो कागदावरून उचलून घे, काय उरतं वाच."

मी वाचलं. गोळ्या बंद कराव्यात. बीपीची, साखरेची, सगळी. मी बराच वेळ त्या दोन बारीक शेपट्यांकडे बघत राहिले. ते दोन स्वल्पविराम काढले की वाक्य होतं 'ज्या गोळ्यांनी चक्कर येते त्या बंद करा', आणि बाकीच्या चालू राहतात. मराठीत आपण हा फरक स्वल्पविरामानं करत नाही. 'ज्या गोळ्या... त्या' म्हटलं की निवड झाली. नुसती माहिती द्यायची असेल तर आपण वाक्य तोडतो: 'गोळ्या सुरू आहेत आणि त्यांनी चक्कर येते.' इंग्रजीत दोन्हींना तोच व्हिच, म्हणून सगळा भार स्वल्पविरामावर. दॅट ची जागाही इथेच ठरते. निवड करायची असेल तिथे दॅट चालतो, स्वल्पविरामानंतर चालत नाही. अमेरिकेत बरेच संपादक निवडीसाठी दॅट च वापरा म्हणतात, ब्रिटिश लिखाणात निवडीसाठी व्हिचही चालतो. मी एक सोय म्हणून स्वतःपुरतं ठरवून टाकलं: निवड असेल तर दॅट, माहिती असेल तर स्वल्पविराम आणि व्हिच. घाईत विचार करायला वेळ नसतो, तिथे अशी सवय हवी.

माणसांनाही हेच लागू. 'हर सन, हू लिव्हज इन लंडन' म्हणजे मुलगा एकच, आणि तो लंडनला असतो. स्वल्पविराम काढले तर मुलगे अनेक, त्यातला लंडनचा. पेशंटच्या नावानंतर तर स्वल्पविराम हवेतच, कारण मिसेस ब्राउन कोण हे नावानंच ठरलेलं आहे.

जुलैत उरलेल्या बारीकसारीक गोष्टी झाल्या. 'एव्हरीथिंग', 'ऑल', 'नथिंग' यांच्यानंतर दॅट, तिथे 'व्हॉट' लिहायचं नाही. 'जे काही' वरून आपला हात व्हॉट कडे जातो. जागेसाठी व्हेअर, 'द वॉर्ड व्हेअर शी स्टेड'. आणि 'हू इज' चं आखूड रूप ऐकायला हूज सारखंच असलं तरी लिहायला वेगळं, पत्रात तर आखूड रूप वापरायचंच नाही. 'शी रिफ्यूज्ड फूड, व्हिच वरीड हर डॉटर' अशा वाक्यात व्हिच अन्नाबद्दल नाही, आधीच्या अख्ख्या घटनेबद्दल आहे, आपल्या 'ज्यामुळे' च्या जवळ जाणारा. हे वाक्य मला फार आवडलं, पण बाईंनी पत्रात एकदाच वापरायला सांगितलं. एका वाक्यात दोन संबंधी सर्वनामं आली की वाक्य तोडायचं, हाही त्यांचाच नियम. मी शिकलेलं सगळं एका पत्रात कोंबत होते, आणि तपासणारे आटोपशीरपणा, स्पष्टपणा यांनाही वेगळे गुण देतात. एकूण सहा निकष असतात, भाषा हा त्यातला एक. पत्राचा हेतू पहिल्या परिच्छेदात आला नाही तर हू कितीही बरोबर असून भागत नाही.

शेवटचे तीन आठवडे दर दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून एक पत्र. पस्तीस मिनिटं लिहायला, पाच मिनिटं तपासायला. त्या पाच मिनिटांत मी फक्त तीन गोष्टी बघायचे: जास्तीचा 'ही' किंवा 'इट' राहिलाय का, बोट ठेवून कर्ता, आणि स्वल्पविरामांची जोडी. जोडीतला दुसरा हमखास विसरतो.

परीक्षा ऑगस्टमधल्या एका शनिवारी मुंबईत. चारही भाग पुन्हा द्यायचे होते, फी पुन्हा तेवढीच, पतपेढीतून कर्ज काढलं. आदल्या वेळी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरून थेट केंद्रावर गेले होते. या वेळी एक दिवस आधी जाऊन मावशीकडे डोंबिवलीला राहिले. जमत असेल तर हेच करा. मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. मोबाइल, घड्याळ, पर्स सगळं बाहेर. आधी लिसनिंग, मग रीडिंग, मग रायटिंग, तोवर डोकं शिणलेलं असतं. माझा हात गार पडला होता. नोंदी वाचायच्या पाच मिनिटांत मी मनातल्या मनात प्रत्येक 'ला' वाल्या नोंदीचा कर्ता ठरवून ठेवला. पत्र संपलं तेव्हा चार मिनिटं होती. तपासताना दुसरा स्वल्पविराम एका ठिकाणी खरंच राहिला होता, तो घातला.

त्यानंतर तीन आठवडे वाट. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. रायटिंग ३२०, सी प्लस. बाकी तिन्हींत बी टिकला. तिथेच बसून घरी फोन केला, आईला नीट बोलताच येईना.

संध्याकाळी पेढे घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी निकाल मोठ्यानं वाचून काढला, एक पेढा देवापुढे ठेवला आणि विचारलं, "आता पुढचं काय?" मी सांगितलं, आता नर्सिंगची सीबीटी, संगणकावरची, आणि ती झाली की तिकडे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा. बाई उठल्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "तारीख सांग," म्हणाल्या.